दुसरी उठत नाही

१

“आचल, ऊठ!”

दिवसभरात ही आरोळी मी किती वेळा मारत असेन, देव जाणे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडून बाजाराच्या अंगाला वळलं की आमचं एक्स-रे सेंटर लागतं. मी तिथली टेक्निशियन, दीपमाला. माझं तोंड वाईट आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पुण्याकडच्या माणसाला वाटतं की वऱ्हाडातली माणसं बोलताना भांडतात. आम्ही आपले बोलतच असतो. पण त्या हिवाळ्यात मी खरोखरच भांडत होते.

आचल म्हणजे आमच्या रिसेप्शनवरची पोट्टी. पाचवा महिना लागलेला. तिची खुर्ची एक्स-रे खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला पाठ टेकून, आणि त्याच भिंतीच्या अलीकडे, माझ्या खोलीत, छातीचे एक्स-रे काढायचा स्टँड. पेशंट स्टँडला छाती लावून उभा राहतो. मागून मशीनचा मारा होतो तो पेशंटमधून, स्टँडमधून, सरळ भिंतीवर. म्हणून त्या भिंतीत शिशाचा पत्रा लागतो. आमच्या खोलीच्या तीन भिंतींत तो आहे. या चौथीत नाही. चार इंची वीट, थोडा गिलावा आणि वरून पिस्ता रंग, बस.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. आधी स्टँड पश्चिमेला होता, शिसंही होतं, आणि या पूर्वेच्या भिंतीपलीकडे नुसतं मोकळं अंगण होतं. तिथं कोणी बसत नव्हतं, म्हणून शिसं लावलं नव्हतं. दिवाळीत माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी अंजनगाव सुर्जीला गेले, आणि मागे आमच्या डॉक्टर स्वप्निल सरांनी वास्तुवाला आणला. त्यानं सांगितलं, दार पूर्वेला पाहिजे, पेशंटचं तोंड पूर्वेला पाहिजे, रिसेप्शनवाल्या बाईची पाठ भरीव भिंतीला पाहिजे. झालं! मी परत आले तर अंगणावर टिनपत्रे चढले होते, तिथं रिसेप्शन झालं होतं, समोर ग्रॅनाइटचा ओटा सिमेंटात पक्का बसवला होता, आणि स्टँड या भिंतीवर आला होता. ओटा आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत आचलची खुर्ची. पुढे सरकायला जागा नाही, मागे तर भिंतच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर म्हणाले, “अहो दीपमालाताई, पत्रा मागवलाय. येईलच. तोवर जरा सांभाळून घ्या ना.” सरांचं शिक्षण पुण्याचं, त्यामुळे बोलणं एकदम साजूक तुपातलं.

मशीनला दर शनिवारी नवीन लिंबू-मिरची न चुकता यायची. शिसं काही आलं नाही. मग मी माझ्यापुरता उपाय काढला. छातीचा एक्स-रे असला की आधी दार उघडून ओरडायचं, “आचल, ऊठ!” ती बिचारी पोट सांभाळत उठायची, पार शटरपाशी जाऊन उभी राहायची. खुर्ची रिकामी झालेली मी डोळ्यांनी पाहायची, दार लावायची आणि मगच बटण दाबायची. दिवसभर उठ-बस, उठ-बस. पाय सुजायचे तिचे. मला तिची दया यायची आणि तेवढाच सरांचा राग यायचा.

२

नत्थुजी म्हणून दर्यापूरकडचे एक म्हातारे होते. बायकोला, पार्बताबाईला, जुना खोकला. तिची छाती दाखवायला ते अधूनमधून घेऊन यायचे. बायको आत गेली की रिसेप्शनच्या बाकावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. गावाकडच्या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय असतो?

त्या दिवशी पार्बताबाईचं झालं, मी तिला बाहेर आणून सोडलं. नत्थुजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“बाई, एक इचारू का? राग नका मानू.”

“इचारा न.”

“तुमी आवाज देता तं एक उठते. थे दुसरी काहून नाई उठत?”

“कोनती दुसरी?”

“थे न. खुर्चीतली. हे पोट्टी उठून गेली तरी थे बसूनच राह्यते. आवाजबी नाई आयकत लेकाची. बहिरी हाये का?”

मी खुर्चीकडे पाहिलं. आचल नुकतीच परत येऊन बसली होती आणि कोणाला तरी फोनवर वेळ सांगत होती. तिच्या पाठीला उशी, उशीमागे भिंत.

“बुवा, तुमच्या डोयात मोतीबिंदू हाये,” मी म्हणाले. “माह्या मायले बी एकाचे दोन दिसत होते.”

“असन बाप्पा,” नत्थुजी म्हणाले. पण त्यांनी बायकोला उठवलं आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं.

मी ते सोडून दिलं. म्हातारा माणूस, डोळे अधू. पण दोन-तीन दिवसांनी एक चांगली शिकलेली बाई, नवऱ्याचा हात मोडला म्हणून आलेली, मला मागच्या खोलीतून बाहेर बोलावून माझ्यावरच तणतणली. म्हणाली, “तुमची रिसेप्शनिस्ट केवढी उद्धट आहे हो! चार वेळा नंबर विचारला, समोर बघत नुसती बसून राहिली.” मी म्हणाले, कधी? ती म्हणाली, आत्ता, या मिनिटाला.

आत्ता, या मिनिटाला, आचल माझ्यासोबत मागच्या खोलीत डबा खात होती. तिनं भाकर आणि ठेचा आणला होता. डॉक्टरीणबाईनं तिखट बंद कर सांगितलं होतं तरी खात होती, आणि मी तिला त्यावरून रागवत होते.

३

मी देवधर्म मानत नाही. माझ्या आईनं, मनकर्णानं, मला बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून शिकवलं. भुताखेताच्या गोष्टी आमच्या घरात कोणी काढल्या तर आई म्हणायची, आधी कंदील घेऊन पाहून ये, मंग सांग. तेव्हा मी ठरवलं की कंदील घेऊन पाहायचं.

आणि खरं सांगू का, मला भूत पाहायचं नव्हतंच. मला सरांच्या तोंडावर एक पुरावा फेकायचा होता. त्या खुर्चीपर्यंत किती मारा पोहोचतो हे काळ्या-पांढऱ्यात दाखवायचं होतं. मंग बघू कसा पत्रा येत नाही तो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली असतं. मी एक मोठी कॅसेट घेतली. कॅसेट म्हणजे एक्स-रेचं चित्र जिच्यावर उमटतं ती चपटी पाटी. ती रीडरमध्ये, म्हणजे पाटीवरचं चित्र स्क्रीनवर आणणाऱ्या यंत्रात, घालून आधी कोरी केली. मग ओट्याच्या कडेला, खुर्चीकडे तोंड करून, उभी टेकवली. बरोबर तिथं, जिथं आचल बसली की तिचं पोट ओट्याला लागतं. म्हणजे भिंत, मग रिकामी खुर्ची, मग पाटी. भिंतीत शिसं असतं तर पाटी कोरीच राहिली असती. शिसं नाही, म्हणजे पाटी काळी पडणार आणि तिच्यावर खुर्चीच्या लोखंडी सळ्या पांढऱ्या दिसणार. याहून जास्त काही दिसायचं कारणच नव्हतं.

आचल मागच्या खोलीत बाकड्यावर आडवी झाली होती. मी स्वतः तिच्यावर शाल टाकून आले. स्टँडपुढे पेशंट नाही, रिसेप्शनमध्ये चिटपाखरू नाही. तरी सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, “आचल, ऊठ!” मग माझं मलाच हसू आलं. बटण दाबलं. पाटी आणून रीडरमध्ये घातली.

पाटी काळी पडली होती. शिसं नाही, हे स्वच्छ दिसत होतं. खुर्चीच्या सळ्याही होत्या.

सळ्यांच्या पुढे माणसाचा कणा होता.

बरगड्यांची खालची टोकं, कणा, कमरेची रुंद हाडं. कोणीतरी बसलेलं. वर पाटी संपली होती, म्हणून छातीच्या वर काही नव्हतं, तोंड नव्हतं. डावा हात मांडीवर आडवा होता, आणि त्या हाताच्या हाडावर एक धातूची पट्टी होती. सहा स्क्रूंची. आणि कमरेच्या हाडांच्या मध्ये, जरा वर, तिळाचे दाणे ओळीनं मांडावेत तशी एक बारीक वाकडी ओळ होती.

अशा ओळी मी नोकरीत पाहिलेल्या आहेत. कोणी बाई सांगायची विसरते, किंवा तिलाच माहीत नसतं, आणि पोटाच्या फिल्मवर ती ओळ निघते. तो पोटातल्या बाळाचा कणा असतो.

४

आता मी काय केलं असेल? उठले आणि फणफणत सरांच्या केबिनमध्ये गेले. भीती वाटली की मला राग येतो, लहानपणापासून आहे ते.

सर आले, स्क्रीनकडे पाहून हसले. “दीपमालाताई, एवढा अनुभव तुम्हाला. ही जुनी सावली आहे. पाटी नीट पुसली गेली नसेल, आधीच्या पेशंटचं चित्र राहिलं. होतं असं.”

होतं असं, हे मलाही माहीत होतं. एक क्षण मला बरंच वाटलं. पण पाटी मी स्वतः कोरी केली होती. आणि जुनी सावली कधी खुर्चीत बसत नाही.

“सावली ऱ्हाऊ द्या, सर,” मी म्हणाले. “पाटी काळी पडली थे पाहा. त्या खुर्चीत रोज एक गरवार बाई बसते. चार इंची विटेमागं.”

“हळू बोला.”

“काहून हळू बोलू?”

एवढ्यात आचल दारात आली. झोपेतून उठलेली, शाल खांद्यावर. माझा आवाज ऐकून आली असणार. तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा उजवा हात आपोआप डाव्या हातावर गेला, मनगटाच्या वर.

कॉलेजात असताना आचल स्कूटीवरून पडली होती. थंडीत तिचा हात दुखायचा. मला माहीत होतं. पण त्या हातात नेमकं काय घातलंय, ते मी कधी विचारलं नव्हतं.

“थे माही पट्टी हाये,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे पाहून, “ताई, तुमी माहा एक्स-रे काढला?”

“नाई वो पोरी!”

“मी झोपली होती तवा? का खुर्चीत बसली होती अन् तुमी आवाजच नाई देल्ला?” तिनं शाल पोटावर ओढली. “थे पोटातलं... थे माह्या...”

माझी बोबडी वळली. सरांची मात्र वळली नाही. जुनी सावली एका क्षणात कुठल्या कुठे गेली. “दीपमालाताई,” ते म्हणाले, “तुम्ही एका गरोदर बाईवर, तिला न विचारता... हे फार गंभीर आहे. मला वर कळवावं लागेल.”

चोराच्या उलट्या बोंबा! शिसं त्यानं खाल्लं, आणि मारा मी केला! मला त्या माणसाच्या तोंडावर कॅसेट फेकून मारावीशी वाटली. पण जास्त लागलं ते दुसरंच. रोज माझ्या ताटातली चटणी उचलून खाणारी ती पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मला भिऊन राहिली होती.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी स्वतःशीच हुज्जत घातली. तिला झोपलेली पाहिली होती ना? शाल टाकली होती ना? की ती कालची गोष्ट? माणूस रोज तेच ते काम करतो, तेव्हा कालचं आणि आजचं एकमेकांत मिसळतं. असंही झालं असेल की मी आरोळी मारली आणि खुर्चीकडे पाहिलंच नाही. असं मी स्वतःलाच म्हणाले, आणि मग माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही.

५

दुसऱ्या दिवशी आचलची सासू आली. वच्छलाबाई. दर्यापूरजवळच्या खेड्यातलं शेतकरी घर, अकोल्यात मुलासुनेकडे राहायला आलेली. नऊवारी, पायात प्लास्टिकची चप्पल, आणि आवाज असा की समोरच्या कापड दुकानातले लोक बाहेर आले.

“कोनती हाये थे दीपमाला?”

“मी हावो.”

“माह्या सुनेच्या पोटावर मशीन मारली तुनं? काहून मारली वं? तुहं काय वाईट केलं तिनं?”

मी ऐकून घेतलं. पुष्कळ ऐकून घेतलं, माझ्या मानानं. मग म्हणाले, “मावशी, बोंबला. पण माह्यावर नका बोंबलू, या भितीवर बोंबला. मी रोज घसा फोडून तुमच्या सुनेले त्या खुर्चीतून उठवतो. काहून उठवतो, थे या डाक्टरले इचारा.”

“मले काई समजत नाई शिसं-बिसं. तू काढला का नाई, एवढंच सांग.”

“मी सांगून तुमचा भरोसा बसन का?”

“नाई.”

“तं मंग पाहून घ्या. तुमच्यासमोर काढतो. तुमची सून तुमच्या हातात धरून ठेवा.”

सर मध्ये पडले. म्हणाले, हे असलं इथं चालणार नाही, हे मेडिकल सेंटर आहे, तमाशा नाही. वच्छलाबाईनं त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तमाशा तं तुमीच मांडला न. आता पाहू द्या.”

शटर खाली ओढलं. भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागली. पाटी मी सगळ्यांसमोर कोरी केली आणि सरांना म्हणाले, तुम्हीच पुन्हा एकदा करा. त्यांनी केली. वच्छलाबाईनं स्वतः ती ओट्यावर टेकवली, खुर्चीवर हात फिरवून पाहिला, खुर्चीखाली वाकून पाहिलं. मग आम्ही सगळे माझ्या कंट्रोलच्या आडोशाला आलो. तिथं शिसं आहे, शिशाची काच आहे. मी, सर, आचल, आणि तिचं मनगट घट्ट धरलेली वच्छलाबाई.

मी बटणावर अंगठा ठेवला. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून खुर्ची करकरली. वजनदार माणूस नीट सावरून बसतो, तशी. लाकूड-लोखंड थंडीत आकसतं, वाजतं. हे मला माहीत आहे. आचलनं माझ्याकडे पाहिलं. मग तीच, हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “ऊठ.”

काही वाजलं नाही. मी बटण दाबलं.

६

आमचं रीडर जुनं आहे. चित्र एकदम येत नाही, वरून खाली ओळीओळीनं उतरतं. सर नेहमी म्हणायचे, यंदा नवीन घेऊ.

आधी काळं आलं. मग बरगड्यांची टोकं. वच्छलाबाईनं तोंडावर पदर धरला. मग कणा. मग डावा हात, पट्टी, स्क्रू. आचलनं आपला हात उचलून स्क्रीनशेजारी धरला. सारखाच हात.

“हे तं इथं हाये,” वच्छलाबाई सुनेचं मनगट हलवत म्हणाली. “इथं हाये न माह्यापाशी. मंग थे कोन हाये?”

चित्र खाली उतरत होतं. काल जिथं तिळांची ओळ होती तिथं ते पोहोचलं, आणि तिथं काही नव्हतं. नुसतं काळं. त्याच्या खाली दोन्ही हात दिसायला लागले. ते मांडीवर उताणे होते. बोटं जरा वळलेली, एकमेकांत, काहीतरी छोटं धरायला करतात तशी. आणि त्या हातांत...

सरांनी स्क्रीनची वायर खेचली.

“पुरं दिसू द्या,” आचल म्हणाली.

“मशीनच खराब आहे,” सर म्हणाले. “सर्व्हिसवाल्याला बोलावतो. तुम्ही सगळे आता—”

“मशीन खराब हाये तं तुमाले घाम काहून फुटला?” वच्छलाबाईनं विचारलं. मग ती वळली. सुनेला म्हणाली, “चाल.”

“आई, नोकरी...”

“जयली थे नोकरी. चाल म्हनलं न!”

आचलनं मागच्या खोलीतून डबा घेतला. खुर्चीवरची उशी मात्र घेतली नाही, त्या बाजूला गेलीच नाही. शटरपाशी थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायचं होतं तिला. मीच म्हणाले, “जाय माय. लवकर जाय.” आणि शटर मीच वर ढकललं, जरा जास्तच जोरात.

७

आचल दर्यापूरला गेली ती तिथंच राहिली. उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. फोनवर तिनं मला रडणं ऐकवलं. चांगलं खणखणीत, माझ्यासारखं तोंड असलेलं. “ताई, सगळं बरोबर हाये,” ती म्हणाली, “बोटं मोजली मी.” मी फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी मनसोक्त रडले.

आता तुम्ही म्हणाल, मी काय केलं? सरकारी खात्याकडे तक्रार केली. पोच आली, माणूस आला नाही. छातीचे एक्स-रे मी जुन्या पश्चिमेच्या भिंतीला काढायला लागले, पेशंटच्या हातात पाटी धरायला देऊन. सरांना कळलं. म्हणाले, पेशंटचं तोंड पश्चिमेला होतंय, आणि फिल्मही हलतायत, हे बंद करा. मी म्हणाले, शिसं आणा, बंद करते. ते म्हणाले, आणतो.

त्यांनी काय आणलं सांगू? रंग आणला. पूर्वेच्या भिंतीला नवा रंग दिला आणि तांब्याचं एक वास्तुयंत्र आणून खुर्चीच्या बरोबर वर ठोकलं. चांगला लांब खिळा घेऊन. पत्रा लावायचाच असता तर त्या भिंतीत कोणी खिळा ठोकला असता का? मी पाहतच राहिले. हसावं की रडावं!

त्या काळात खुर्ची रिकामी होती. नंबर मीच द्यायची, उभ्यानं. दोनदा मी पाटी लावून पाहिली. काळी पाटी आणि खुर्चीच्या सळ्या, दुसरं काही नाही. पेशंटही काही बोलले नाहीत. मला वाटलं, गेलं. जे काही होतं ते आचलबरोबर उठलं आणि संपलं.

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी सरांनी नवीन पोरगी ठेवली.

८

आरती तिचं नाव. लग्नाला वर्षही नव्हतं, हातातला चुडा नवाच. हसरी, कामाला चटपटीत. मी सकाळी आत शिरले तर ती ओट्यामागे, आचलचीच उशी पाठीला घेऊन बसलेली. आणि माझ्या खोलीत छातीच्या स्टँडला हार घातलेला.

मी केबिनमध्ये शिरले. सर म्हणाले, “पत्रा पुढच्या आठवड्यात नक्की. बाहेर पेशंट थांबलेत, ताई. आजपासून स्टँडवरच काढायचे, नाहीतर मला दुसरी टेक्निशियन बघावी लागेल.” दुसरी टेक्निशियन म्हणजे जी खुर्चीकडे पाहणार नाही. जी आरोळीही मारणार नाही.

पहिलीच पेशंट पार्बताबाई. मी तिला स्टँडला उभी केली. दार उघडलं आणि ओरडले, “आरती, ऊठ!”

आरती दचकली, हसली आणि उठून शटरपाशी गेली. बाकावर नत्थुजी बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. त्यांनी चष्मा वर केला. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाई,” ते म्हणाले, “आता तं मले सोच्छ दिसते.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. मी आरतीला हाक मारली, माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं. पार्बताबाईला म्हणाले, जरा बाजूला बसा. आणि आरतीला सरळ विचारलं, “तुले दिवस गेले का वं?”

तिचा चेहरा लाल झाला. “तुमाले कोनं सांगतलं? मी तं घरीबी नाई सांगतलं अजून. मलेच परवा समजलं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांचं साजूक बोलणं, तो हार, ते यंत्र, तो लांब खिळा, “सांभाळून घ्या ना”. मी मशीनचं मेन बंद केलं, बटणाची वायर दोन्ही हातांत धरली आणि उपटली. एकदा नाही निघाली. दुसऱ्यांदा भिंतीचा गिलावा घेऊन निघाली. पार्बताबाई “अगं माय वो!” करून ओरडली.

“काय चाललंय तिकडे?” केबिनमधून सर गरजले. “दीपमालाताई! कोणाच्या परवानगीनं... मी पोलिसांत देईन तुम्हाला! ऐकू येतंय का? मी—”

ते ओरडतच होते. आणि त्यांच्या ओरडण्याखाली, भिंतीपलीकडे, खुर्ची बाजूला सरकली. फरशीवर पाय घासत, सावकाश, बरंच बसून राहिलेलं माणूस उठतं तशी. आरती माझ्यासमोर उभी होती. पार्बताबाई स्टुलावर होती. मी दोघींकडे पाहिलं, दोघींनी भिंतीकडे.

“बाई!” बाहेरून नत्थुजींचा आवाज आला. “उठली वो! थे दुसरी, उठली!”

मी दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, “कुकडे गेली?”

म्हाताऱ्याचा आवाज दाराशी आला.

“डाक्टरसायबाच्या खोलीत.”

सरांचं ओरडणं चालूच होतं. पोलीस, परवानगी, नुकसान. मग एका शब्दाच्या मध्येच ते थांबलं.

मी आरतीचा हात धरला, दुसऱ्या हातानं पार्बताबाईला उठवलं आणि माझ्या खोलीच्या मागच्या दारानं दोघींना उन्हात घेऊन आले. केबिनमध्ये पाहायला मी गेले नाही.